परतीचा रकाना

शिंप्याने नकाशा कापडं बेतायच्या टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार रिळं ठेवली. समुद्राकाठच्या उद्यानातली ती पायवाट गोल फिरून पुन्हा फाटकाशीच यायची. पत्रकात एकोणीस किलोमीटर छापलं होतं, पण छापलेल्या मापावर भरवसा ठेवून त्याने उभ्या आयुष्यात एक बाही कापली नव्हती. त्याने पांढरा दोरा वाटेवरून फिरवला, प्रत्येक वळणावर बोटाने दाबला आणि मग टेपला लावून मोजला.

"साडेवीस," तो म्हणाला. "लेकाच्यांनी वळणं धरलीच नाहीत."

लेक समोर स्टुलावर बसून त्याच्या पायांकडे बघत होती. पायात नवे जाडजूड बूट होते. ते सैल व्हावेत म्हणून महिनाभर तो बूट घालूनच मशीनचं पायडल मारत होता. गिऱ्हाइकं हसली, तर हसू दे.

बायको जाऊन पाच महिने झाले होते. सव्वीस वर्षं, दरवर्षी याच दिवसांत ती एकटी ही फेरी करून यायची आणि हा दुकान सांभाळायचा. चालायचं म्हटलं की त्याची मजल कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत. आता शनिवारी तो निघणार होता. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. ती गेली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, नंतरही नाही. दुखरा दात जिभेने चाचपावा तसा तो रोज सकाळी स्वतःला चाचपून बघायचा. काहीच लागायचं नाही. भूक लागायची, झोप यायची, ब्लाऊज वेळेवर जायचे.

"बरं, सांगा मला सगळं," लेक म्हणाली.

"साडेसहाला फाटक. आधी कड्याच्या पायऱ्या, सातशे आहेत. गुडघ्याला पट्टा बांधणार. साडेदहाला खडकाखालची वाळू. तिथून फक्त ओहोटीला जाता येतं, साडेबाराला पाणी परत चढतं. मी साडेअकराला पलीकडे. तासाभराची माया ठेवलीय."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर डोंगराची धार. चढ आहे."

"किती वाजेपर्यंत?"

"चढ आहे म्हटलं ना."

लेकीने त्याच्या हाताखालचा कागद ओढून घेतला. साडेअकरापर्यंत सगळं टाके मोजावेत तसं लिहिलेलं होतं. त्याच्या खाली कागद कोरा होता. तिने त्या कोऱ्या भागावर बोट ठेवलं.

"बाबा, खरं सांगा. परत यायचं म्हणून जाताय ना?"

तो रागावला नाही. प्रश्न वाजवी होता. त्याने आत चाचपून बघितलं, तर हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं.

"पोटभर डबा नेणार आहे," तो म्हणाला. याहून खरं असं त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

लेकीने मग उद्यानाचा परवानगीचा फॉर्म उचलला. नाव, वय, सोबत कोणी नाही. परतीची वेळ, रिकामी. शेवटच्या ओळीत छापलं होतं, वेळेत न परतल्यास कोणाला कळवावे. तिथे त्याने ठसठशीत अक्षरात नंबर लिहिला होता.

"हा तर दुकानाचा नंबर."

"मग? तुझी आई सव्वीस वर्षं हाच लिहायची. सहाला फाटकावरून तिचा फोन, आणि नाहीच आला तर तिथल्या माणसांचा."

"अहो बाबा, पण शनिवारी दुकानात असणार कोण?"

शिंप्याने फोनकडे बघितलं, फोनशेजारच्या आपल्या खुर्चीकडे बघितलं. पायऱ्या मोजल्या, पाणी मोजलं, दोऱ्याने वळणं मोजली, आणि ही एवढी खुर्ची रिकामी असणार हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिथे बसून वाट बघणारा तर तोच होता.

लेकीने तो नंबर खोडला आणि स्वतःचा लिहिला. मग पेनचं टोपण लावत, काढत म्हणाली, "दुपारपासून सहापर्यंत तुम्ही काय करायचात हो?"

"काजं."

"सहापर्यंत?"

"पंचवीस-तीस व्हायची. हाताला काहीतरी पाहिजे ना. एक सरळ यायचं नाही. दुसऱ्या दिवशी बसून सगळी उसवायचो."

"आईला माहीत होतं हे?"

"छे! फोन आला की मी म्हणायचो, 'इतक्यात आलीससुद्धा?'"

लेक हसली, आणि हसता हसता तिने तोंड खिडकीकडे वळवलं. तिचा हात टेबलावर पडलेल्या दोऱ्याशी चाळा करत होता. दोरा बोटाला गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. हिला तर धड बटणही लावता येत नाही, शिंप्याच्या मनात आलं. ही सहापर्यंत काय करणार? आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याला आत कुठेतरी दुखलं. चांगलंच दुखलं.

त्याने फॉर्म पुढे ओढला आणि परतीच्या रकान्यात पाच लिहिलं. मग पाच खोडून साडेचार केलं.