अथेन्समधले सात तास

दुष्काळात पाणी कसं पुरवावं ते शिकायला धारूरकडच्या एका दूध संघाचे चेअरमन बद्रीनाथराव इस्राएलला निघाले. वाटेत अथेन्सला विमान बदलायचं होतं आणि पुढच्या विमानाला सात तास होते, म्हणून टॅक्सी करून अथेन्सचं डोंगरावरचं देऊळ बघून आले. नुसते खांब, वर छत नाही! बद्रीनाथरावांचा जीव भांड्यात पडला.

परत आल्यावर संघाच्या वार्षिक सभेत सभासद वच्छलाबाई दरसालप्रमाणं उठल्या. "चेअरमन, संघाच्या इमारतीचे खांब उभे करून बारा वर्सं झाली. स्लॅब कवा टाकता?"

बद्रीनाथरावांनी ऐटीत मोबाइलमधला फोटो पुढं केला. "हे बघा, देवीचं देऊळ. अडीच हजार वर्सं झाली, नुसते खांब हायेत. तरी सारं जग बघाया येतंय. कुणी स्लॅब इचारतं का?"

वच्छलाबाईंनी फोटोला हात जोडले आणि त्या खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथराव इमारतीपाशी गेले, तर खांबांच्या मधोमध शेंदूर फासलेला दगड, पुढं नारळ आणि बायकांची ही रांग.

"चपला भाईर काढा, चेअरमन," वच्छलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आन् परत घालू नका. स्लॅब पडेस्तोवर अनवाणी ऱ्हायचा नवस बोललेय मी, तुमच्या नावानं."