पडण्यापुरती जागा

नकाशावर त्या तुकड्याला राखाडी रंग दिला होता आणि आत बारीक अक्षरांत लिहिले होते : ‘रिकामी जागा. प्रस्तावित वाहनतळ.’

सासूबाईंनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचले. सभागृहाच्या भिंतीवर सार्वजनिक मैदानाचा सुधारित आराखडा टांगलेला होता. तळ्याकाठच्या बाकांना हिरवा रंग, मुलांच्या खेळांना पिवळा. आणि उंचवट्यामागच्या ज्या गवतावर त्या रोज पहाटे सायकल शिकत होत्या, त्याला हा राखाडी, कुणाचे लक्ष नसलेल्या गोष्टींना देतात तसा. नकाशाशेजारी पट्टी घेऊन उभी असलेली नियोजन अधिकारी त्यांची सून होती. सुनेला सायकलीचे ठाऊक नव्हते. घरात कुणालाच नव्हते. सासूबाई पहाटे फिरायला जातात, एवढेच घर जाणत होते.

“उंचवट्यामागच्या तुकड्याबद्दल कुणाची हरकत?” सुनेने विचारले. “आज नोंदली गेली नाही, तर आराखडा असाच मंजुरीला जाईल.”

“हरकत कसली?” पहिल्या रांगेतला कापडदुकानदार बसल्या जागेवरूनच म्हणाला. “तिथे चिटपाखरू नसतं. आमचं गिऱ्हाईक गाडी लावायला जागा शोधतं आणि शोधता शोधता आपल्या घरी पोचतं. करून टाका वाहनतळ, मॅडम.”

लोक हसले. त्याच्या शेजारी बसलेली त्याची बायको हसली नाही. ती आपल्या बोटांकडे पाहत राहिली. पहाटे त्या गवतावर सायकल शिकणाऱ्या बायकांत, धुक्यात सर्वांत वेगाने जाणारी आणि ब्रेक दाबायला हमखास विसरणारी ती हीच. सासूबाईंनी तिच्यावरची नजर काढून घेतली. त्या गवतावर न बोलताच ठरलेले होते, की इथले इथेच ठेवायचे.

त्या उभ्या राहिल्या.

“मॅडम,” त्या म्हणाल्या. घरी ‘अगं’ म्हणायला सरावलेली जीभ क्षणभर अडखळली. “माझी हरकत लिहून घ्या. ती जागा रिकामी नाही, मोकळी आहे.”

सुनेची पट्टी नकाशावर जागच्या जागी थांबली. “दोन्हींत फरक काय?”

“मी तिथे सायकल शिकते.”

आता हशा मागच्या रांगांपर्यंत गेला. “शर्यतीला नाव द्यायचंय का, आजी?” कुणीतरी विचारले.

“तू उतरणार असशील तर देते,” मागे वळूनही न पाहता त्या म्हणाल्या.

सून हसली नाही. “आम्ही पाहणी केली होती,” ती म्हणाली. “दर खेपेला तिथे कुणीही आढळलं नाही.”

“पाहणी दुपारी केलीत. आम्ही उजाडायच्या आत येतो.”

“पण शिकताय कधीपासून?” दुकानदाराने विचारले.

“हिवाळ्यापासून.”

“आली मग?”

“नाही अजून.”

“घ्या. म्हणजे त्या जागेचा उपयोग काय झाला?”

“एवढ्यांदा पडले, तरी हाडं शाबूत आहेत, हा झाला. चालवायला रस्ता पुरतो हो. पडायला जागा लागते. झाड नको, बाक नको, बघणारं कुणी नको.”

या वेळी कुणी हसले नाही. सुनेने हातातली पट्टी टेबलावर ठेवली.

“या माझ्या सासूबाई आहेत,” ती सभेला म्हणाली. “हे सगळ्यांना माहीत असायला हवं. यांच्या एकटीच्या शब्दावर मी रंग बदलला, तर उद्या तुम्ही म्हणाल, सुनेनं घरचं काम केलं. आणि ते बरोबरच असेल.” मग ती सासूबाईंकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. पण आवाज ढळणाराही नव्हता. “तुम्ही आत्ता ‘आम्ही’ म्हणालात. आम्ही म्हणजे कोण? नावं सांगा.”

सगळी नावे सासूबाईंच्या ओठांशी आली. त्यांतली निम्मी याच सभागृहात, नवऱ्यांच्या, मुलांच्या, जावयांच्या शेजारी बसली होती. एकेक नाव उच्चारले, की एकेका घरात आज जेवताना त्याची चेष्टा होणार होती. स्वतःपुरती ती त्यांनी पत्करली होती. दुसऱ्यांची पत्करणे त्यांच्या हातात नव्हते.

“नावं मी सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “ज्यांची आहेत, त्यांनी सांगावीत.”

“मग बसा, आई.” हे सून अगदी हळू म्हणाली, जणू त्या दोघीच स्वयंपाकघरात होत्या.

“नाही बसत. तू तुझं काम कर. मी उभी आहे.”

हरकती नोंदवायला बसलेल्या कारकुनाने पेनाचे टोपण काढले, लावले, पुन्हा काढले. कुणी खोकले. सायकलवर सासूबाईंचा तोल गेला, तर खाली गवत असे. इथे खाली गवत नव्हते. त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि नजर नकाशावरच ठेवली, कुणाकडेही न पाहता. पाहणे म्हणजेसुद्धा नाव घेणेच झाले असते.

“झालं की मग,” दुकानदार घड्याळाकडे बघत म्हणाला. “पुढचा मुद्दा घ्या, मॅडम.”

सुनेने सगळ्या रांगांवरून एकदा नजर फिरवली. मग पट्टी उचलली आणि पिवळ्या तुकड्याकडे नेली.

“हे धरा जरा,” दुकानदाराची बायको म्हणाली, आणि मांडीवरची पर्स नवऱ्याच्या हातात देऊन ती उभी राहिली.