काढून टाकलेला आवाज

डाव्या कानातला आवाज बंद झाला.

उजव्या कानात तिचं स्वतःचं गाणं चालूच होतं, अगदी स्वच्छ. डाव्या कानात मात्र काहीच नव्हतं. हेडफोनचा तो कान पाळण्यासाठी राखलेला. पाळण्याच्या दांडीला तिनं दुसरा माइक बांधला होता आणि त्याची वायर मधल्या खोलीतून, दारांखालून, कॉम्प्युटरपर्यंत ओढत आणली होती. गाताना, गाण्याची कापाकापी करताना त्या कानात बाळाचा श्वास येत राहायचा. सूं. जरा थांबून पुन्हा सूं.

आता नुसतं थांबणंच उरलं होतं.

तिनं वायर हलवली. पडद्यावरची आवाजाची पट्टी वर ढकलली. शेजारी फोन स्पीकरवर ठेवलेला होता. त्यातून तिचा दीर म्हणाला, "काय वहिनी, झालं ना साफ?"

ती हेडफोनसकट उठली. वायरीला हिसका बसला, खुर्ची आडवी झाली.

मधली खोली एरवी असून नसल्यासारखी होती. आज ती संपता संपेना. मुलगा दिवस भरायच्या आधीच आला होता. तो काचेच्या पेटीत असताना डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या होत्या, "अशी बाळं कधीकधी श्वास घ्यायला विसरतात." पुढे घरी पाठवताना त्याच बाई म्हणाल्या, आता धोका टळला, निर्धास्त राहा. पहिलं वाक्य तिच्या मनात घर करून बसलं. दुसरं दवाखान्याच्या पायरीवरच राहिलं. तो विसरत असेल तर कुणीतरी लक्षात ठेवायला हवं, म्हणून ते काम तिनं अंगावर घेतलं. ती आंघोळ करायची ती दार किलकिलं ठेवून. भांडी घासताना मध्येच नळ बंद करून कानोसा घ्यायची. नवरा चिडवायचा, "झोपेतसुद्धा तुझे कान उभे असतात गं, सशासारखे."

तिनं दार ढकललं. पाळणा हलत नव्हता. दुपटं छातीपर्यंत ओढलेलं, मूठ गालाशी. तिनं हात पुढे केला आणि तो मध्येच राहिला. हात लावला की कळणार होतं. न लावता उभं राहिलं, तर अजून काहीच झालेलं नव्हतं.

मग तिनं बोट त्याच्या नाकाशी नेलं.

बोटाला ऊब लागली. बाळानं नाक मुरडलं, झोपेतच ओठ चोखले आणि तोंड पलीकडे वळवलं. ती तिथंच फरशीवर बसली.

बाहेर फोन ओरडत होता. "वहिनी? अहो वहिनी?"

"आहे," ती परत येऊन म्हणाली. "झोपलाय. पण भाऊजी, त्याचा आवाजच गेला हो कानातून."

"बसा आधी. पाणी प्या. आता सांगा, नेमकं काय केलंत?"

तिनं सांगितलं. बाळंतपणानंतरचं हे पहिलं काम, लहान मुलांचं एक गाणं. आज पाठवायचं होतं आणि सकाळपासून गाण्यामागे एक फुसफुस येत होती. तिनं पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, चार्जर काढला, तरी ती जाईना. म्हणून दिरालाच फोन लावला होता. त्यानं उपाय सांगितला: गाणं सुरू व्हायच्या आधीची मोकळी जागा निवडायची, कॉम्प्युटरला सांगायचं की हा कचरा आहे, मग तो तेवढाच वेचून काढतो. तिनं तसंच केलं होतं.

दिरानं विचारलं, "पाळण्याचा माइक नुसता ऐकायला लावलाय, की तोही रेकॉर्ड होतोय?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. लाल ठिपका दोन्ही ओळींपुढे होता. "दोन्ही होतंय."

"मग ती फुसफुस तुमच्या छोट्या साहेबांचीच. वहिनी, तुम्ही कॉम्प्युटरला पोराचा श्वास कचरा म्हणून शिकवलात. तो बिचारा आज्ञाधारक. त्यानं सगळीकडून झाडून काढला, तुमच्या कानातूनसुद्धा." तो हसला. तिला हसू येईना. "काही गेलेलं नाही हो. काय काढलं ते ऐकायचं बटण असतं खाली. दाबून बघा."

फोन ठेवून तिनं बटण दाबलं आणि सकाळचं रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. गाणं नाहीसं झालं होतं. मागे उरला होता तो फक्त श्वास. कुठं खंड तर पडत नाही ना, हे पाहायला ती कानात प्राण आणून ऐकत बसली. मुखडा गेला. अंतरा आला, आणि तिचा हात डाव्या कानामागे गेला.

अंतऱ्याचा वरचा सूर लावायचा तर तिला स्वतःचा मोकळा आवाज ऐकू यावा लागतो. त्यासाठी हेडफोनची डावी बाजू कानामागे सरकवायची तिची पहिल्यापासूनची खोड. हात आपोआप जातो, तिला कळतही नाही. आज सकाळपासून तिनं अंतरा पुन्हा पुन्हा गायला होता. डोळे मिटून, डावा कान उघडा टाकून.

तिनं सगळे अंतरे शोधले आणि एकामागून एक लावले.

ती ऐकत नव्हती, त्या प्रत्येक जागी तो श्वास घेत होता.