न सांगता दिलेलं

शनिवार-रविवार शाळेतलं जेवण नसतं आणि तिसरीतली ती मुलगी सोमवारी ताटावर तुटून पडते, हे वर्गशिक्षिकेच्या नजरेतून सुटलं नव्हतं. चारचौघांत तिची मान खाली जाऊ नये, म्हणून शुक्रवारी मुलं मैदानावर असताना बाईंनी तिच्या दप्तरात तांदूळ-डाळीची पिशवी गुपचूप सरकवली. चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही.

सोमवारी मुलीची जागा रिकामी होती. मधल्या सुट्टीत तिची आई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, दोन-चार दिवस ती यायची नाही. अंग सुजलंय तिचं." आईचा आवाज अगदी शांत होता. "आम्ही एकवेळ उपाशी राहू, पण चोरीचा घास आमच्या घशाखाली उतरायचा नाही. दप्तरात तांदूळ-डाळ सापडली. आधी नुसतं 'मला माहीत नाही, मला माहीत नाही' चाललं होतं. मग मीही हात आवरला नाही."

बाई पुढे झाल्या. "अहो ताई, ती पिशवी मीच ठेवली होती."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं.

 

"पण बाई, शेवटी तिनं कबूल केलं हो... दुकानाचं नावसुद्धा सांगितलं."