वधूपिता

नेग्रिलच्या किनाऱ्यावरच्या आमच्या रिसॉर्टमध्ये फक्त जोडपी येतात. त्यामुळे इथे कुणाचं लग्न लागलं, की वऱ्हाडी आम्ही नोकर माणसंच. कॅनडाहून आलेल्या मेगनला वडील नव्हते. लग्नाच्या दिवशी तिने बाग सांभाळणाऱ्या आमच्या सिलबर्टकाकांना विचारलं, "काका, मला मांडवापर्यंत तुम्ही न्याल का?"

काकांनी मातीचे हात धुतले. मी त्यांना वेटरचा काळा कोट चढवला. वाळूवरून ते तिला इतक्या जपून घेऊन गेले, की आमची चेष्टामस्करीच थांबली. तिचा हात नवऱ्यामुलाच्या हाती देताना तर काकांना हुंदका आवरेना.

मेगनने त्यांचे डोळे पुसले. "किती माया करता हो! तुम्हाला मुलगी आहे?"

"आहे ना, पोरी. एकुलती एक."

"मग तिच्या लग्नात केवढे रडाल तुम्ही!"

काकांनी मान वळवून डोंगराकडे पाहिलं.



"तिचं लग्न आत्ताच लागतंय, बाळ. तिकडे वर, गावातल्या चर्चमध्ये. हंगाम आहे म्हणून मला सुट्टी दिली नाही."