उजवीकडे

पंचांनी शिट्टी वाजवली आणि पांढऱ्या ठिपक्याकडे बोट केलं. पेनल्टी. लिव्होर्नोचं अख्खं मैदान एका आवाजात ओरडलं आणि चेंडू ठिपक्यावर ठेवला जाताच चिडीचूप झालं.

डेझ्यो बेरेन्यी गोलरेषेवर उभा राहिला. १९३५च्या उन्हाळ्यातला, मध्य युरोपातल्या फुटबॉल संघांचा मित्रोपा कप, उपांत्य फेरी, आणि सामना संपायला आलेला. बुडापेस्टात त्याच्या कोबान्या संघानं एका गोलानं बाजी मारली होती. इथे लिव्होर्नोच्या तिरेनिया संघानं तो गोल फेडला होता. आता हा चेंडू अडला तर तिसरा सामना. गेला तर गाडी पकडून घर.

पेनल्टीला डेझ्यो घाबरत नसे. चेंडूकडे बघायचंच नाही. किक मारणाऱ्याचा दुसरा पाय, जमिनीवर टेकतो तो, बघायचा. ते पाऊल जिकडे वळेल तिकडे चेंडू जाणार. तोवर जागचं हलायचं नाही. ही विद्या त्याला आर्पाद सेंद्रोंनी दिली होती. आणि तेच सेंद्रो आज तिरेनियाचे प्रशिक्षक होते. बाकावरून उठून ते आता गोलखांबाच्या अंगाला, रेषेबाहेर येऊन उभे होते.

कोबान्यातली सगळी पोरं त्यांना बाची, म्हणजे काका, म्हणत. बिअरच्या कारखान्यात पिंपं उचलणाऱ्या डेझ्योला बाचींनीच हेरलं. शिकवलं, दटावलं, दर रविवारी घरी नेऊन पोटभर जेवू घातलं. आणि दोन वर्षांपूर्वी कुणालाही न सांगता ते इटलीला निघून गेले. डेझ्योला ते न्हाव्याच्या खुर्चीत कळलं, अर्ध्या गालाला साबण असताना. तो तसाच उठून त्यांच्या घराकडे धावला होता. दाराला कुलूप होतं.

बुडापेस्टातल्या सामन्याला लोक बाचींवर थुंकले. बाचींनी रुमालानं कोट पुसला, डेझ्योपाशी आले आणि हात पुढे केला. डेझ्यो खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. बाची निघून गेले तरी तो बांधतच होता.

तिरेनियाचा खेळाडू किक मारायला धावत निघाला. आणि त्या शांततेत हंगेरियनमध्ये हाक आली.

"उजवीकडे, पोरा! तुझ्या उजवीकडे!"

हाच आवाज ऐकत डेझ्यो मोठा झाला होता. फितूर मेला, त्याच्या मनात आलं, गाव सोडून गेला आणि आता मलाही गंडवायला निघालाय. टेकलेला पाय बघायचा राहूनच गेला. त्यानं डावीकडे सूर मारला.

चेंडू उजवीकडून, काही घाई नसल्यासारखा, जाळीत गेला.

"काय ओरडला रे तो म्हातारा?" कपडे बदलायच्या खोलीत कप्तान होल्लोशीनं बूट काढता काढता विचारलं.

"उजवीकडे म्हणाले."

"मग चेंडू उजवीकडेच गेला की!"

"हो."

"आणि तू कुठे मरायला गेला होतास?"

"मला वाटलं, खोटं सांगतायत."

होल्लोशीनं बूट पायातून ओढून काढला. "बरं केलंस. त्या फितुराच्या मेहेरबानीनं जिंकण्यापेक्षा हरलेलं परवडलं." मग हातातला बूट त्यानं भिंतीवर भिरकावला. "छे! कसलं डोंबलाचं बरं केलंस, गाढवा!"

डेझ्योचं तिकडे लक्षच नव्हतं. बाची खरं बोलले होते. परक्या मुलखात, पगार देणाऱ्या मालकाच्या नाकासमोर, स्वतःच्याच संघाशी बेइमानी करून. शेजारी कुणाला हंगेरियन कळत असतं तर त्यांची नोकरी त्याच मिनिटाला गेली असती. एवढं सगळं आपल्यासाठी. आणि आपण त्यांच्या हाताला हातसुद्धा लावला नाही.

अंघोळ न करताच तो बाहेर पडला. मैदानात लोकांनी तिरेनियाच्या खेळाडूंना खांद्यावर घेतलं होतं. बाची त्या गर्दीत नव्हते. ते मागे, समुद्राकडच्या भिंतीवर एकटेच बसले होते आणि खिशातल्या चाकूनं पीच सोलत होते. जवळ गेल्यावर दिसलं, केस पार पिकले होते.

डेझ्योनं टोपी काढली. दोन वर्षं मनात घोकलेल्या शिव्यांतली एकही त्याला आठवेना.

"बाची, मला माफ करा," तो म्हणाला. "पोटच्या पोराला सांगावं तसं तुम्ही मला खरं सांगितलंत. आणि मीच..."

एवढा थोरला बाप्या, पण लहान मुलासारखा हमसून रडायला लागला.

बाचींनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. पीचची एक फोड कापून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती खाल्ली. त्याची खाऊन होईपर्यंत बाची चाकू नुसताच हातात धरून समुद्राकडे बघत राहिले.

"रडू नकोस, पोरा," शेवटी ते म्हणाले. "मला ठाऊक होतं, मी खोटं सांगितलं असतं, तर तू तो चेंडू अडवला असतास."