लाल पाठीची झुरळं
शालूनं भाड्याच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो लावला आणि त्या दिवसापासून घरमालकीण कौशल्याकाकूंचा वरच्या मजल्यावर आलं की उपासच असायचा. चहा नको, पाणी तर नकोच.

मग एक दिवस काकूंच्या स्वयंपाकघरात झुरळं निघाली. "तुह्याच घरून येऊन राह्यले हे!" काकू जिन्यातूनच कडाडल्या. "आमच्यात नसते असली घाण. खोली खाली कर."

शालू तेल्हाऱ्याकडची, बकऱ्या राखून वाढलेली. दोन कळप मिसळले तर भांडण नको, म्हणून तिकडं पाठीवर रंग लावतात. ती म्हणाली, "काकू, तुमचे तुमी रंगवा, माह्यावाले मी रंगवते. तुमच्याकडं माह्या रंगाचं एकही दिसलं, तं मी उद्याच सामान बांधते."

काकूंनी सुनेचं लाल नेलपॉलिश घेतलं, शालूनं निळं. दोन्ही मजल्यांवर दोन दिवस वाटीखाली झुरळं धरून, पाठ रंगवून सोडायचा उद्योग चालला.

आठवडाभर काकूंनी डबे उपसले, कपाटं सरकवली. निळं एक दिसेल तर शपथ! शेवटी तणतणत त्या वर आल्या. शालूनं चहाचं आधण ठेवलं आणि शेगडीमागं मोबाइलचा उजेड मारला. भाकरीच्या चुऱ्यावर लाल पाठीची पाच झुरळं निवांत बसली होती.

"माह्यासाठी चहा नको ठेवू," काकू घाईघाईनं म्हणाल्या. "उपास हाय आज."

"तुमचा असंन, काकू," शालू म्हणाली. "तुमच्या घरचे तं रोज माह्याच घरी जेवून राह्यले."